बर्फाच्या रस्त्यावर गाडी : तुमचे प्रश्न, फौजी ड्रायव्हरची उत्तरं

(हिवाळ्यात बर्फाच्या प्रदेशात गाडी चालवण्याबद्दल आम्ही गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. उत्तरं देणारे गृहस्थ सैन्याच्या पुरवठा दलातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. श्रीनगर–लेह रस्त्यावर त्यांनी फौजी ट्रक चालवले. आता ते नागपुरात मुलामुलींना ड्रायव्हिंग शिकवतात. – संपादक)

प्रश्न : माझा मुलगा सप्टेंबरात नोकरीसाठी माँट्रियलला गेला. तिथे त्यानं जुनी गाडी घेतली आहे. इथे वर्धा रोडवर, समृद्धीवर तो चांगली गाडी चालवायचा, पण बर्फ त्यानं कधी पाहिलेला नाही. फोनवर 'आई, काळजी करू नको' एवढंच म्हणतो. मी त्याला नेमकं काय सांगू?
– एक आई, मनीषनगर

ताई, काळजी करू नका असं मी म्हणणार नाही. काळजी कराच, पण नेमक्या गोष्टींची करा, म्हणजे फोनवर विचारताही येईल.

सगळ्यात आधी टायर विचारा. माँट्रियल क्युबेक प्रांतात येतं आणि तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर असणं कायद्यानंच सक्तीचं आहे. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण असं चिन्ह असतं. ते आहे का, हे त्याला खाली वाकून बघायला सांगा. साध्या टायरचं रबर पारा सात अंशांच्या खाली उतरला की कडक व्हायला लागतं, मग ते रस्ता धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला पकडतात. चारही चाकांना तेच टायर हवेत. दोनच लावले, तेही पुढे, तर पुढची चाकं धरतात आणि मागची सुटतात, मग वळणावर गाडी गिरकी घेते. जुन्या गाडीबरोबर टायरही जुनेच आले असतील. नक्षीची खोली चार मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर बदलायला लावा. आपल्याकडे कायद्याला १.६ मिलिमीटर पुरते, बर्फाला नाही पुरत.

दुसरी गोष्ट ब्लॅक आइस. बर्फाचा हा थर इतका पातळ आणि पारदर्शक असतो की खालचं डांबर स्वच्छ दिसतं, रस्ता नुसता ओला वाटतो. ओळखायच्या खुणा लिहून घ्या आणि त्याला पाठवा. रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे शिंतोडे उडत नाहीत. आपल्या टायरचा आवाज अचानक बंद झाला. स्टेअरिंग हातात एकदम हलकं लागायला लागलं. यातलं एक जरी जाणवलं तरी रेसवरचा पाय अलगद उचलायचा, ब्रेकला हात-पाय काही लावायचं नाही, स्टेअरिंग सरळ धरायचं आणि गाडीला तो तुकडा पार करू द्यायचा. पुलावर हा थर सगळ्यात आधी धरतो, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो, जमिनीची ऊब मिळत नाही. म्हणून रस्ता कोरडा असला तरी पुलाच्या आधीच वेग उतरवायचा.

तुम्ही बातम्यांत उणे वीस वाचून घाबराल. खरं तर उणे वीसचा कडक बर्फ शून्याच्या आसपासच्या बर्फापेक्षा कमी घसरतो. शून्याजवळ बर्फाच्या वर पाण्याचा बारीक पडदा असतो आणि चाक त्याच्यावरून निसटतं. तेव्हा दिवसा दोन अंश आणि रात्री उणे एक असा अंदाज दिसला, तर त्या दिवशी त्याला आवर्जून फोन करा. रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं, पण साधारण उणे दहाच्या खाली मिठाचं काम मंदावतं, म्हणून मिठावर विसंबून राहायचं नाही.

आणि शेवटचं, हे मात्र रोजचं. बर्फ पडल्यावर गाडी सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं. ते बर्फानं बुजलं असेल आणि इंजिन चालू असेल, तर धूर आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठत नाही. छतावरचा बर्फही झाडून टाकायला सांगा. तसाच ठेवला तर ब्रेक दाबल्यावर अख्खा थर घसरून पुढच्या काचेवर येतो आणि समोरचं काहीच दिसत नाही.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत आम्ही आमच्या पेट्रोल हॅचबॅकनं मनालीला जाणार आहोत. आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी. अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूपर्यंत जायची इच्छा आहे. पाच वर्षांपासून गाडी चालवतोय, पचमढी आणि चिखलदऱ्याचे घाट केले आहेत. काय तयारी करू?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

भाऊ, तयारी नागपुरातच सुरू होते, आणि तीसुद्धा बॉनेट उघडून.

आपल्याकडे उन्हाळ्यात रेडिएटर कमी झाला की लोक नळाचं पाणी ओततात. मेकॅनिकही ओततात. पंचेचाळीस अंशांत त्यानं निभावून जातं. मनालीत डिसेंबरच्या रात्री पारा शून्याखाली जातो, आणि पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. रेडिएटर फुटतो, कधी इंजिनचा ब्लॉकच तडकतो. त्यामुळे जुनं सगळं काढून, रेडिएटर धुऊन, अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर असं भरा. हे मिश्रण उणे पस्तीसपर्यंत गोठत नाही. काच धुवायच्या टाकीत साधं पाणी असेल तर तेही गोठेल, तिथे हिवाळ्याचं मिश्रण भरा. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर तपासून घ्या. थंडीत तिची ताकद घटते आणि नेमकं त्याच वेळी इंजिनाला सुरू व्हायला जास्त ताकद लागते. टायरची हवा तिथे पोचल्यावर पुन्हा मोजा. दर दहा अंश उतरले की साधारण दोन पीएसआय कमी होते, म्हणजे इथे दुपारी भरलेली हवा तिथल्या सकाळी पाच-सहा पीएसआयनं कमी निघेल.

आता रस्ता. नागपूर ते मनाली सोळाशे किलोमीटरच्या आसपास. त्यात बर्फ शेवटी शेवटी, आणि तोही लागला तर. त्याच्या आधी तुम्हाला धुकं लागणार आहे. ग्वाल्हेरच्या पुढे, आग्रा, दिल्ली, अंबाला या पट्ट्यात डिसेंबरअखेर इतकं दाट धुकं पडतं की बॉनेटच्या पुढे दिसत नाही. मला तुमच्या प्रवासातला हा टप्पा बर्फापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो, कारण बर्फ बघून माणूस आपोआप हळू होतो, धुक्यात हायवेवर तसं होत नाही. पहाटे निघू नका. ऊन वर आल्यावर निघा, अंधार पडायच्या आत थांबा. डिपर ठेवा, फुल लाइट धुक्यात उलटा डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावू नका, मागच्याला कळत नाही तुम्ही उभे आहात की चालता आहात. थांबायचंच असेल तर रस्ता पूर्ण सोडून ढाब्यावर, पंपावर थांबा, कडेला नाही.

मनालीच्या वर काय होतं ते सांगतो. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. लांबी ९.०२ किलोमीटर आणि दोन्ही तोंडं तीन हजार मीटरच्या वर. आधी जे रोहतांग खिंडीच्या ३,९७८ मीटरवरून जावं लागायचं ते टळलं, म्हणून आता भर हिवाळ्यात माणसं लहान गाड्या घेऊन पलीकडे जातात. बोगदा आतून कोरडा असतो, गाडी छान पळते. बाहेर पडल्या पडल्या पहिल्या शंभर मीटरमध्ये बर्फ असतो आणि चाक तिथे सुटतं. बोगद्याचं तोंड दिसायला लागलं की आतच वेग उतरवून दुसऱ्या गिअरवर या.

मनाली आणि बोगद्याच्या मधल्या सोलंगपासून वरच्या रस्त्यावर दुपारी उन्हानं बर्फ वितळतो. ते पाणी उतारावरून ओघळत रस्ता ओलांडतं. चार वाजता डोंगराची सावली पडली की ते तिथेच गोठतं. सकाळी ज्या वळणावर तुम्ही मजेत वर गेलात, तेच वळण संध्याकाळी उतरताना ब्लॅक आइसचं झालेलं असतं. काही वळणांवर तर दिवसभर ऊनच येत नाही. त्यामुळे दुपारी तीनच्या आत परत मनालीत, हे घरून निघतानाच ठरवून घ्या. २०२४ च्या डिसेंबरात नाताळच्या तोंडावर अचानक बर्फ पडला आणि सोलंग ते बोगदा या रस्त्यावर शेकडो गाड्या रात्री अडकल्या. पोलिसांनी माणसं बाहेर काढली. अडकलेल्यांतले बहुतेक लोक तुमच्यासारखेच, घाटात गाडी चालवलेले.

आमच्या वेळी नोव्हेंबरात झोजीला खिंड बंद व्हायच्या आधी द्रासकडे शेवटचा माल जायचा. माल उतरवून रिकामे ट्रक खाली बालतालकडे यायचे. आमचे उस्ताद शंका आलेल्या वळणाआधी काफिला थांबवायचे, स्वतः उतरायचे, चालत पुढे जायचे आणि बुटाची टाच रस्त्यावर दाबून ओढायचे. टाच रुतली तर चला. टाच सरकली तर चाकांना लोखंडी चेन लावा. काफिल्यात कितीही घाई असली, मागून कितीही हॉर्न वाजले, तरी ते हे करायचेच. तुम्हीही करा. गाडीतून खाली उतरून पायानं रस्ता तपासायला एक मिनिट लागतं.

चेन घ्यायची तर तुमच्या टायरच्या मापाचीच घ्या. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते, चेन पुढच्याच चाकांना. चेन लावल्यावर चाळीसच्या वर जायचं नाही आणि कोरडा रस्ता लागला की काढायची, नाहीतर चेन तुटून फेंडर फाडते. बर्फ पडला की पोलीस सोलंगच्या बाजूला गाड्या थांबवतात आणि फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देणाऱ्या) किंवा चेनवाल्या गाड्याच वर सोडतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका, ओळख काढू नका. परत फिरा.

चढावर पुढच्या गाडीच्या मागे लगेच लागू नका. ती वर पोचेपर्यंत खाली थांबा, मग एका दमात, दुसऱ्या गिअरवर, एकसारख्या रेसवर चढा. मध्ये थांबलात तर पुन्हा सुटणं कठीण. चाक जागेवर फिरायला लागलं तर रेस वाढवू नका, चाकाखालचा बर्फ घासून आणखी गुळगुळीत होतो. गाडीत तागाची दोन पोती टाकून ठेवा, कळमन्यात कुठेही मिळतील. चाकापुढे पोतं घातलं की गाडी निघते. उतारावर उतार लागायच्या आधीच पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरवर यायचं, क्लच हळू सोडायचा, आणि मग क्लचवर पाय ठेवायचाच नाही. गाडी इंजिननं अडते, ब्रेकनं नाही. वर येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. नियम तोच आहे, आणि बर्फात तर त्याला थांबवणं म्हणजे त्याला अडकवणं.

रात्री हॉटेलबाहेर गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढू नका. ओले ब्रेक गोठून चिकटतात. वायपर काचेपासून उचलून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. गाडीत बसण्याआधी बुटांचे तळवे आपटून बर्फ झाडा, ओल्या बुटाचा पाय ब्रेकवरून सटकतो.

आणि समजा अडकलातच. गाडी सोडून पायी निघू नका. इंजिन सतत चालू ठेवू नका. तासाला दहा मिनिटं चालवा, त्याआधी प्रत्येक वेळी खाली उतरून सायलेन्सर मोकळा आहे ना ते पाहा, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूची काच दोन बोटं उघडी ठेवा. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. गाडीत ब्लँकेट, पाणी, मुलीसाठी खाऊ, टॉर्च, लहान फावडं आणि भरलेली टाकी, हे हवंच.

हे सगळं सांगून झाल्यावर माझं मत विचाराल तर, गाडी मनालीत हॉटेलवर ठेवा आणि सिस्सूला तिथल्या टॅक्सीनं जा. तो ड्रायव्हर ते वळण रोज बघतो. मुलगी बर्फात खेळेल, तुम्हीही खिडकीतून डोंगर बघाल.

प्रश्न : माझ्या एसयूव्हीला फोर बाय फोर आहे, एबीएस आहे, गाडी घसरू न देणारं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आहे. सेल्समन म्हणाला, बर्फात काही होत नाही. तरी चेन लागते का?
– एक तरुण, हिंगणा रोड

बेटा, फोर बाय फोर गाडी निघायला मदत करतं. थांबताना सगळ्याच गाड्या चार चाकांवर थांबतात, तुझी आणि तुझ्या शेजाऱ्याची जुनी हॅचबॅकसुद्धा. उलट तुझी गाडी जड आहे आणि निघताना घसरत नाही, त्यामुळे रस्ता किती वाईट आहे हे तुला कळतच नाही. ते पहिल्या ब्रेकला कळतं. माझा या प्रकारच्या आत्मविश्वासावर फार राग आहे, कारण दरीत पडलेल्या गाड्यांमध्ये मी अशा दणकट गाड्याच जास्त पाहिल्या.

हिशेब करून बघ. कोरड्या डांबरावर ताशी ४० वेगानं चालताना कचकचून ब्रेक दाबला तर गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. ओल्या आइसवर पकड त्याच्या सातव्या हिश्श्यावर येते, आणि तीच गाडी ६० मीटरच्या पुढे जाऊन थांबते. यात तुझा पाय ब्रेकपर्यंत पोचायला लागणारा वेळ धरलेला नाही. वेग निम्मा केलास तर हे अंतर चौथाईवर येतं, म्हणजे २० च्या वेगाला १५-१६ मीटर. हे गणित कुठलाही कंट्रोल बदलू शकत नाही. तो फक्त टायर आणि रस्त्यात जेवढी पकड आहे तेवढी वाटून देतो.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, मात्र समजून घे. घसरणीवर थांबणं भागच पडलं, तर ब्रेक पूर्ण दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. पायाखाली थरथर होईल, खडखड आवाज येईल. नवशिके घाबरून तिथेच पाय उचलतात. उचलू नकोस. एबीएसचा फायदा हा की ब्रेक दाबलेला असताना स्टेअरिंग चालतं, तेव्हा गाडी मोकळ्या जागेकडे वळव. ताज्या, भुसभुशीत बर्फावर एबीएसमुळे थांबायचं अंतर थोडं वाढूही शकतं, हे डोक्यात असू दे. क्रूझ कंट्रोल, म्हणजे आपोआप वेग धरून ठेवणारी सोय, बंद.

गाडी सुटलीच तर नजर दरीकडे जाऊ देऊ नकोस. जिकडे जायचंय तिकडे बघ, हात नजरेमागे जातात. मागचा भाग उजवीकडे निघाला तर स्टेअरिंग उजवीकडे, डावीकडे निघाला तर डावीकडे, थोडंसं, आणि गाडी सरळ होताच लगेच परत सरळ. स्टेअरिंग वळवूनही गाडी सरळच चालली असेल तर आणखी वळवू नकोस. रेस सोड, स्टेअरिंग जरा मोकळं कर, चाकांनी पुन्हा रस्ता धरला की मग वळव. हे सगळं वाचायला सोपं आहे आणि करायला सेकंद मिळतो. म्हणून सांगतो, चेन घे.

प्रश्न : आम्ही तीन मित्र जानेवारीत बाइकवर स्पितीला जायचं म्हणतोय. टायरला चेन लावून जाता येईल ना?
– अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, वाडी

नाही. जानेवारीत मनालीच्या बाजूची कुंझुम खिंड बंद असते, किन्नौरच्या बाजूनं रस्ता सहसा चालू ठेवतात, पण स्पितीतल्या काझाला रात्री उणे वीसच्या खाली जातं. दोन चाकांवर ब्लॅक आइसला उत्तर नाही. गाडी घसरली की हातात करण्यासारखं काहीच उरत नाही, आणि एका बाजूला सतलज. बोटं गारठली की ब्रेकची कळ किती दाबली हेसुद्धा कळत नाही. रेकाँग पिओहून हिमाचल परिवहनची बस काझाला जाते, तिनं जा. बाइक जूनमध्ये न्या, आणि मला तेव्हा पुन्हा लिहा.

प्रश्न : माझे दोन ट्रक कळमन्याहून संत्री घेऊन जम्मूपर्यंत जातात. यंदा श्रीनगरचं भाडं चांगलं मिळतंय. ड्रायव्हर तयार आहेत, पण बर्फात कधी गेलेले नाहीत. पाठवू का जी?
– एक ट्रान्सपोर्टवाले, कळमना

शेठ, रस्ता तर तोच आहे. आपल्या कामठीवरून, मनसरवरून जो ४४ नंबरचा हायवे शिवनीकडे जातो, तोच जम्मू पार करून श्रीनगरला पोचतो. पण रामबन ते बनिहाल हा तुकडा पाऊस-बर्फात दरडींनी बंद पडतो आणि ट्रक काझीगुंडला, रामबनला दिवसेंदिवस उभे राहतात. बनिहाल–काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा २०२१ पासून चालू आहे, त्यानं जुन्या जवाहर बोगद्याची चढण टळली, दरडी टळल्या नाहीत. जड गाड्या कोणत्या दिवशी कोणत्या बाजूनं सोडणार हे तिथले ट्रॅफिक पोलीस रोज जाहीर करतात. ते बघितल्याशिवाय जम्मू सोडू देऊ नका. संत्र्याच्या भाड्यात हे उभे राहायचे दिवस धरले आहेत का, ते तुम्ही बघा. ड्रायव्हर-क्लीनरच्या जेवणाचे, रजईचे पैसे मात्र वेगळे द्या.

गाडीचं सांगतो. ब्रेकच्या एअर टँकमध्ये पाणी साठतं. इथे ड्रायव्हर चार-आठ दिवस ते काढत नाहीत, चालून जातं. तिथे ते पाणी लाइनमध्ये गोठलं तर ब्रेक लागत नाही किंवा सुटत नाही. रोज संध्याकाळी गाडी उभी केली की खालचा कॉक उघडून टँक मोकळा करायचा, ही सवय इथूनच लावा.

इकडची टाकी भरून वर जाऊ नका. इकडच्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत गोठतं आणि फिल्टर तुंबतो. जम्मूच्या पुढे तिथल्या पंपावर भरा. लडाखसाठी तर इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं हिवाळी डिझेल आणलं, यावरून समजून घ्या. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू देऊ नका, नव्या गाड्यांचे पंप त्यानं खराब होतात. आणि टाकीखाली शेकोटी पेटवायची जी जुनी खोड आहे ती कुणीही केली तरी तुमच्या ड्रायव्हरला सक्त मनाई करा.

परतीचा रिकामा ट्रक भरलेल्यापेक्षा जास्त घसरतो, कारण मागच्या चाकांवर वजन नसतं. परतीच्या प्रवासात ड्रायव्हर खुशीत आणि घाईत असतो, म्हणून धोका तिथे आहे. शक्यतो परतीचा माल घेऊनच निघा. आइसवर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग उतरवणारा) एकदम लावला तर मागची चाकं अडून ट्रक आडवा होतो, तेव्हा तो उतार लागायच्या आधी, सरळ रस्त्यावर. ज्यानं एकदाही बर्फ पाहिलेला नाही अशा ड्रायव्हरला पहिल्या फेरीला एकटं पाठवू नका. जम्मूहून तिकडचा जोडीदार ड्रायव्हर घ्या. तो मिळत नसेल तर भाडं सोडा.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी फेब्रुवारीत काश्मीरला भाड्याची गाडी घेऊन फिरणार आहोत, चालवणारी मीच. नागपुरात बर्फावर चालवायचा सराव कसा करू?
– एक शिक्षिका, धरमपेठ

ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता, तरी रस्त्यावर बर्फ काही धरला नाही. पण हात आणि पाय इथे तयार करता येतात.

पावसाळ्यात उमरेडकडे, काटोलकडे गाडी चालवली असेल. ट्रॅक्टरच्या चाकांना लागून शेतातली काळी माती डांबरावर येते, वरून सर पडते, आणि त्या पट्ट्यावर गाडी कशी बाजूला निघते ते आठवा. तेव्हा जसा पाय आपोआप हलका होतो आणि हात स्टेअरिंगला ओरबाडत नाहीत, तेच बर्फावर, फक्त पट्टा संपत नाही.

रोजच्या रस्त्यावर एक गोष्ट करा. ब्रेक, वळण आणि रेस ही तीन कामं एका वेळी एकच. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर ब्रेक संपवा, मग नुसतं वळा, गाडी सरळ झाली की मग रेस. टायरकडे पकड ठरावीक असते. ती एका वेळी दोन कामांना वाटली की बर्फावर दोन्ही कामं बिघडतात. शाळेत जाता-येता महिनाभर केलंत की विचार करावा लागणार नाही. पुढच्या गाडीपासून अंतरही वाढवा. सीताबर्डीत ते जमणार नाही, मधे स्कूटर घुसतील, पण रिंग रोडवर, सकाळी, जमतं. कोरड्या रस्त्यावर दोन-तीन सेकंदांचं अंतर ठेवतो, बर्फावर आठ-दहा सेकंदांचं ठेवा. पुढच्या गाडीनं एखादा खांब ओलांडला की तुम्ही त्याच खांबापाशी पोचेपर्यंत मोजा.

दुसऱ्या गिअरवर, रेस न देता, नुसत्या क्लचवर सपाट जागेवरून गाडी उचलायचा सराव करा. बर्फात पहिल्या गिअरचा झटका चाकाला फिरवतो. भाड्याची गाडी ऑटोमॅटिक असेल तर तिच्यात स्नो मोड किंवा हातानं गिअर धरून ठेवायची सोय आहे का, ते घेतानाच विचारा. मोकळ्या मैदानावर, ओल्या मातीत, तीसच्या वेगानं एकदा ब्रेक पूर्ण दाबून एबीएसची थरथर पायाला ओळखीची करून घ्या. शेजारी जाणता माणूस बसवा आणि आजूबाजूला माणूस-जनावर नाही ना बघा.

काच धुरकटली तर बहुतेकजण रुमालानं पुसत बसतात. हीटर पुढच्या काचेवर वळवा, त्याबरोबर एसीही चालू करा आणि बाहेरची हवा आत घ्या, मिनिटात काच साफ होते. हे बटण कुठे आहे ते भाड्याच्या गाडीत बसल्याबरोबर शोधून ठेवा. गॉगल घ्या, ताज्या बर्फावर दुपारचं ऊन डोळे उघडू देत नाही. गाडी चालवताना जाड जॅकेट आणि जाड हातमोजे काढून ठेवा. त्यात स्टेअरिंग जाणवत नाही आणि सीटबेल्ट अंगाला घट्ट बसत नाही.

आणि चेन. गाडीवाला चेन डिकीत टाकून देईल आणि म्हणेल, आहे मॅडम. तेवढ्यावर निघू नका. त्याच्या अंगणातच, त्याच्यासमोर, तुम्ही स्वतः एकदा दोन्ही चाकांना लावून बघा. चेन जमिनीवर पसरून पीळ काढायचे, चाकावर वरून टाकायची, आतल्या बाजूचा हुक आधी, बाहेरचा नंतर. पन्नास मीटर गाडी चालवून थांबायचं आणि सैल झालेली चेन पुन्हा ताणायची. ही दुसरी ताणणी लोक विसरतात, आणि मग चेन निघून जाते. चौघींनीही एकेकदा लावा. प्रत्यक्षात ती लावायची वेळ येईल तेव्हा अंधार असेल, बर्फ पडत असेल, एकीच्या हातात टॉर्च आणि दुसरीनं मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत उभं राहायचं असेल. तेव्हा कामाचे रबरी हातमोजे वेगळे ठेवा, बसायला एक पोतं, आणि चेन डिकीत सामानाच्या खाली नाही, वर.